अर्ध्या किमतीतले अभिजात

जुलै आणि नोव्हेंबर हे दोन महिने अमेरिकेतील चित्रपटवेड्यांच्या खिशाला जड जातात. 'बार्न्स अँड नोबल' या पुस्तकविक्रेत्या साखळीच्या दुकानांत गेली बरीच वर्षे या दोन महिन्यांत 'क्रायटेरियन कलेक्शन'ने काढलेल्या डिस्क निम्म्या किमतीला विकल्या जात आहेत. एरवी ३९ डॉलर ९५ सेंट अशी छापील किंमत असलेली ब्लू-रे डिस्क त्या काळात २० डॉलरला मिळते. खुद्द क्रायटेरियनही वर्षातून एखाद-दोन वेळा अवघ्या २४ तासांपुरती अशीच सवलत जाहीर करते आणि मग याद्या तयार ठेवून बसलेल्या रसिकांची झुंबड उडते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आप्तांकडून पुण्या-मुंबईतील रसिकांनी कुरोसावा, बर्गमन किंवा सत्यजित राय यांचे संच मागवावेत आणि ते चॉकलेटांच्या पुड्यांबरोबर सामानातून यावेत, हेही आता नवे राहिलेले नाही.

२०२५ च्या विनिमय दराने २० डॉलर म्हणजे सतराशे-अठराशे रुपये. घरबसल्या महिन्याच्या वर्गणीत शेकडो चित्रपट पाहता येत असताना एकाच जुन्या, बहुधा कृष्णधवल चित्रपटासाठी एवढे पैसे मोजणे अनेकांना वेडेपणाचे वाटते. त्यातही 'जुन्या चित्रपटाला हाय डेफिनिशन कशाला?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. वरवर पाहता तो बिनतोड आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी जे तंत्र अस्तित्वातच नव्हते, त्याचा त्या काळच्या चित्रपटाला उपयोग तो काय?

फिल्ममध्ये दडलेले

या प्रश्नाचे उत्तर फिल्मच्या पट्टीत आहे. ३५ मिलिमीटरच्या मूळ निगेटिव्हवर जेवढा तपशील उमटलेला असतो, त्यातला फार थोडा भाग डीव्हीडीवर मावतो. युरोप आणि भारतात प्रचलित असलेल्या पद्धतीची डीव्हीडी ७२० बाय ५७६ बिंदूंचे, म्हणजे साधारण चार लाख बिंदूंचे चित्र दाखवते. ब्लू-रेचे चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचे, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदूंचे असते, तर अल्ट्रा एचडी किंवा 'फोर-के' डिस्कवर ही संख्या ८२ लाखांच्या पुढे जाते. डीव्हीडी वाचणारा लेसर किरण ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, लाल असतो. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. किरण जितका सूक्ष्म, तितकी डिस्कवरील अक्षरे बारीक कोरता येतात. म्हणूनच तेवढ्याच आकाराच्या चकतीवर डीव्हीडीच्या साडेआठ गिगाबाइट्सऐवजी पन्नास गिगाबाइट्स माहिती बसते.

यातून एक मौजेची विसंगती निर्माण होते. फिल्मवर चित्रित होऊन १९५५ साली प्रदर्शित झालेला 'पथेर पांचाली' फोर-के दर्जात पाहता येतो, परंतु ऐंशी-नव्वदच्या दशकात व्हिडिओ टेपवर चित्रित झालेली दूरचित्रवाणी मालिका कितीही पैसे ओतले तरी त्या दर्जाला पोहोचत नाही. फिल्मवरचा तपशील इतकी वर्षे दडून बसलेला होता. टेपवर तो मुळात उमटलाच नव्हता. जुनेपणाचा आणि धूसरपणाचा संबंध आपण उगाच जोडून बसलो आहोत. दूरदर्शनवर किंवा घासून गुळगुळीत झालेल्या प्रतीवरून जे चित्रपट पाहिले गेले, ते मुळात तसे नव्हतेच.

अर्थात हा तपशील डिस्कवर आपोआप उतरत नाही. मूळ निगेटिव्ह सापडावे लागते, ते सुस्थितीत असावे लागते, ते तुकड्या-तुकड्याने स्वच्छ करून स्कॅन करावे लागते आणि मग ओरखडे, डाग, थरथर यांवर चित्रागणिक काम करावे लागते. डिस्कच्या किमतीतला मोठा वाटा येथे खर्ची पडतो. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचे उदाहरण या संदर्भात सर्वांनी जाणून घ्यावे असे आहे. या तिन्ही चित्रपटांची मूळ निगेटिव्हे १९९३ साली लंडनमधील हेंडरसन प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत सापडली. जळालेली, वितळून एकमेकांना चिकटलेली ती रिळे टाकून न देता अमेरिकेतील अकॅडमी फिल्म अर्काइव्हने वर्षानुवर्षे सांभाळून ठेवली. त्या वेळी त्यांतून काही निष्पन्न होईल अशी आशा नव्हती. वीस वर्षांनंतर क्रायटेरियन आणि अकॅडमी यांच्या सहकार्याने ती इटलीतील बोलोन्या येथील 'लिमाजिने रित्रोवाता' या प्रयोगशाळेत पोहोचली. ठिसूळ झालेल्या पट्ट्यांना पुन्हा ओलावा देण्यात आला, वितळलेली चिकटपट्टी खरवडून काढण्यात आली, कडेची छिद्रे हाताने दुरुस्त करण्यात आली. सुमारे हजार तासांच्या या हातकामातून 'पथेर पांचाली'च्या निगेटिव्हचा ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग वापरण्याजोगा निघाला. 'अपुर संसार'चे मात्र काहीही हाती लागले नाही. उरलेल्या भागांसाठी निरनिराळ्या संग्रहांतील उत्तम प्रती शोधाव्या लागल्या. २०१५ साली हा संच ब्लू-रेवर आला तेव्हा त्याची छापील किंमत होती ९९ डॉलर ९५ सेंट. सवलतीच्या काळात तो पन्नास डॉलरला मिळतो. ज्यांनी हे चित्रपट पूर्वी फक्त फिल्म सोसायटीच्या झिजलेल्या प्रतींवरून पाहिले आहेत, त्यांना दुर्गेचा चेहरा आणि पावसाचे थेंब प्रथमच दिसल्यासारखे वाटतात.

स्वस्त आणि पडेल किमतीचे

सवलत मिळालेली डिस्क आणि मुळातच स्वस्त असलेली डिस्क यांत फरक करायला शिकणे, ही या खरेदीतली पहिली पायरी होय. जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा १९६८ सालचा भयपट याचे चांगले उदाहरण आहे. प्रदर्शनाच्या सुमारास चित्रपटाचे नाव बदलण्यात आले आणि नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची सूचना टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार एवढ्या एका चुकीने चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. त्यानंतर ज्याच्या हाती जी प्रत लागली, त्याने ती कॅसेटवर, डीव्हीडीवर आणि पुढे ब्लू-रेवरही उतरवून विकली. वेष्टनावर 'हाय डेफिनिशन' असे छापलेले असले, तरी आत कुठल्यातरी दूरचित्रवाणी केंद्राकडची झिजकी प्रत फुगवून बसवलेली असे. मूळ निगेटिव्हवरून केलेले फोर-के पुनरुज्जीवन न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या फिल्म फाउंडेशनने २०१६ साली पूर्ण केले आणि २०१८ साली ते क्रायटेरियनच्या डिस्कवर आले. पाच डॉलरची प्रत आणि निम्म्या किमतीला वीस डॉलरला मिळणारी प्रत यांत अंतर पंधरा डॉलरचे असले, तरी पाहायला मिळणारे चित्रपट मात्र जवळजवळ वेगळेच आहेत.

मोठ्या स्टुडिओंच्या डिस्क निर्धोक असतात, असेही नाही. ब्लू-रेच्या सुरुवातीच्या काळात फिल्मवरचे नैसर्गिक कण म्हणजे दोष, अशी अनेकांची समजूत होती. सपाट पडद्याच्या नव्या टीव्हीवर चित्र काचेसारखे गुळगुळीत दिसावे, या हट्टापायी संगणकाच्या साहाय्याने ते कण पुसून टाकण्यात आले आणि त्यांच्याबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कापडाचा पोत आणि केसांच्या बटाही पुसल्या गेल्या. २००८ साली आलेली 'पॅटन'ची ब्लू-रे अशा मेणाच्या चेहऱ्यांसाठी बदनाम झाली. चित्रपट मोठ्या आकाराच्या ६५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेला असूनही हे घडले, हे विशेष. २०१२ साली त्याची सुधारित आवृत्ती काढण्यात आली. 'द फ्रेंच कनेक्शन'च्या २००९ मधील डिस्कवर दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी स्वतःच रंग इतके बदलले की, चित्रपटाचे छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. येथेही काही वर्षांतच नवी आवृत्ती काढावी लागली. दिग्दर्शकाची संमती ही दर्जाची हमी असते असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

चित्राच्या आकाराचाही असाच घोळ होतो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'बॅरी लिंडन'ची ब्लू-रे २०११ साली आली तेव्हा चित्राची वरची व खालची कड किंचित कापून ते आजच्या टीव्हीच्या चौकटीत चपखल बसवण्यात आले होते. चित्रपट कोणत्या प्रमाणात दाखवावा, याविषयी कुब्रिक यांनी चित्रपटगृहांना पाठवलेले पत्रच त्यानंतर उजेडात आले आणि वादावर पडदा पडला. १९५३ पूर्वीचे बहुतेक चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीसाठी चित्रित झालेले आहेत. ते आजच्या आडव्या पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडूनच दिसायला हवेत. पैसे वसूल व्हावेत म्हणून रिमोटवरचे बटण दाबून चित्र ताणणारे आणि मधुबालेला रुंद करून पाहणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

या सगळ्याचा सवलतीशी संबंध असा की, बाजारात नवी, सुधारित आवृत्ती येण्याची चाहूल लागली की जुनी आवृत्ती पडेल किमतीत काढली जाते. विक्रेत्याच्या दृष्टीने दोन्ही एकच चित्रपट असतो. वेष्टनावरचे वर्ष, कोणत्या मूळ प्रतीवरून आणि कोणत्या संस्थेने पुनरुज्जीवन केले याचा उल्लेख आणि चित्राचे प्रमाण एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी बरीचशी फसगत टळते. चांगले प्रकाशक हा तपशील अभिमानाने छापतात. तो मुळीच छापलेला नसेल, तर त्याचा अर्थ ग्राहकाने काढावा हे उत्तम.

एक देश, तीन कुलुपे

भारतीय ग्राहकाच्या वाटेतला खरा धोंडा निराळाच आहे. ब्लू-रेसाठी जगाची तीन विभागांत वाटणी केलेली आहे. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया 'ए' विभागात; युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व आणि ऑस्ट्रेलिया 'बी' विभागात; भारत, चीन आणि रशिया 'सी' विभागात. क्रायटेरियनच्या अमेरिकेतील ब्लू-रे प्रायः 'ए' विभागापुरत्या कुलूपबंद असतात. ब्रिटनमधील युरेका कंपनीची 'मास्टर्स ऑफ सिनेमा' मालिका किंवा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट यांच्या अनेक डिस्क 'बी' विभागापुरत्या. भारतात विकत घेतलेल्या साध्या प्लेअरवर यांतले काहीच उघडत नाही. भाच्याने हौसेने अमेरिकेहून 'सेव्हन सामुराई' आणावा आणि पडद्यावर साडेतीन तासांच्या चित्रपटाऐवजी एक ओळीची सूचना उमटावी, असा अनुभव अनेक घरांत आला असणार. डीव्हीडीचे विभाग पुन्हा वेगळे: अमेरिका १, युरोप व जपान २, भारत ५.

फोर-के डिस्कला मात्र विभागाचे बंधन ठेवण्यात आलेले नाही. ती जगात कोठेही घेतली तरी कोणत्याही फोर-के प्लेअरवर चालते. त्यामुळे भारतातून खरेदी करणाऱ्याने थोडे अधिक पैसे मोजून ही आवृत्ती घेणे शहाणपणाचे ठरते. यातही एक खाच आहे. क्रायटेरियनच्या संचात फोर-के डिस्कसोबत ब्लू-रेही असते. मुलाखती, माहितीपट आणि इतर पुरवण्या बहुधा त्या दुसऱ्या डिस्कवर असतात आणि तिला विभागाचे कुलूप लागू असतेच. म्हणजे मेजवानी पदरात पडली तरी पान-सुपारी कुलपात. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारे, त्यासाठी मुद्दाम बदल करून घेतलेले प्लेअर मिळतात, परंतु ते महाग असतात. शिवाय प्लेअर बनवणाऱ्यांची संख्याही रोडावत चालली आहे. ओप्पोने २०१८ मध्ये, सॅमसंगने २०१९ मध्ये आणि एलजीने २०२४ मध्ये या व्यवसायातून अंग काढून घेतले.

डिस्क परदेशातून थेट मागवायची, तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून निम्म्या किमतीची सवलत पुष्कळदा पार धुऊन निघते. एकेक डिस्क मागवण्यापेक्षा पाच-सहा एकत्र मागवणे किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सामानाचा आधार घेणे, हे उपाय त्यातूनच रूढ झाले.

सवलत का आणि कधीपर्यंत

अभिजात चित्रपटांचे प्रकाशक बहुतांशी त्या चित्रपटांचे मालक नसतात. मूळ मालकाकडून ठराविक वर्षांसाठी ते हक्क घेतात. मुदत संपत आली की हातातला साठा काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. मुदत संपल्यावर ती आवृत्ती बाजारातून नाहीशी होते आणि जुन्या प्रतींच्या बाजारात तिचीच किंमत दुप्पट-तिप्पट होते. कॅरल रीड यांचा 'द थर्ड मॅन' हा डिसेंबर २००८ मध्ये क्रायटेरियनने काढलेल्या पहिल्यावहिल्या ब्लू-रे चित्रपटांपैकी एक. २०१० साली स्टुडिओकॅनल या फ्रेंच कंपनीने आपले हक्क काढून घेतले आणि दोन वर्षांच्या आत ती डिस्क दुर्मीळ झाली. ज्या रेन्वार यांच्या 'ग्रँड इल्यूजन'ला क्रायटेरियनच्या डीव्हीडी मालिकेत पहिला क्रमांक दिलेला होता, तोही त्याच वेळी यादीतून गेला. तेव्हा एखादी डिस्क पुढच्या सवलतीत घेऊ, असे म्हणणाऱ्याला पुढच्या सवलतीत ती दिसेलच, असे नाही.

ऑनलाइन पाहण्याच्या सोयीलाही हाच नियम लागू आहे, किंबहुना अधिकच कठोरपणे. अभिजात चित्रपटांना वाहिलेली 'फिल्मस्ट्रक' ही सेवा नोव्हेंबर २०१८ मध्ये एकाएकी बंद करण्यात आली. तिच्या जागी एप्रिल २०१९ पासून सुरू झालेली 'क्रायटेरियन चॅनल' ही सेवा अमेरिका आणि कॅनडापुरती मर्यादित राहिली. वर्गणीदाराच्या हाती अशा वेळी काहीच उरत नाही. डिस्क घेणाऱ्याच्या हाती निदान डिस्क तरी उरते. मात्र तिच्याबाबतही पूर्ण निश्चिंत राहता येत नाही. २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या आपल्या काही डीव्हीडी निकामी होत असल्याचे वॉर्नर कंपनीने २०२५ साली मान्य केले. २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने माघार घेतल्यावर ब्लू-रेची प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडी एका दिवसात अडगळ ठरली होती, हेही विसरता येत नाही. आलेली डिस्क सवड मिळेल तेव्हा पाहू म्हणून वर्षभर वेष्टनात ठेवण्याची सवय म्हणूनच चांगली नाही. दोष असेल तर तो परत करण्याच्या मुदतीत कळला पाहिजे.

आपल्याकडे

भारतात अर्ध्या किमतीचा हा प्रयोग फार पूर्वी, आणि कितीतरी टोकाला नेऊन, झालेला आहे. २००७ साली मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली. चहा-वड्याच्या खर्चात चित्रपट घरी आला आणि रस्त्यावरच्या चोरट्या डिस्कना प्रथमच खरा प्रतिस्पर्धी मिळाला. परंतु त्या किमतीत मूळ निगेटिव्हवर काम करणे शक्यच नव्हते. हाताशी असलेली व्हिडिओ प्रत डिस्कवर उतरवली जात होती. ब्लू-रे येईतो ग्राहकाला स्वस्ताईची सवय झालेली होती आणि हजार रुपयांची डिस्क मूठभरांपलीकडे गेली नाही. मुंबईच्या काळाघोड्यावरचे 'ऱ्हिदम हाउस' २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झाले. जगभरचे चित्रपट काउंटरवर हाताळून, दुकानदाराला चार प्रश्न विचारून घेण्याची शहरातली एक हक्काची जागा त्याबरोबर संपली. मोझर बेअरही पुढे दिवाळखोरीत निघाली.

या सगळ्यात मराठी चित्रपटाची गोष्ट आणखी वेगळी आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला 'प्रभात'चा 'संत तुकाराम' व्हीसीडी-डीव्हीडीच्या युगात घरोघर पोहोचला, ही आनंदाची गोष्ट खरी. पण 'पथेर पांचाली'सारखे भाग्य लाभायचे तर मूळ फिल्म हवी. त्या काळची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला लागलेल्या आगीत भारतीय चित्रपटाच्या आरंभीच्या कितीतरी खुणा भस्मसात झाल्या. लंडनच्या आगीतली जळकी रिळे कोणीतरी वीस वर्षे जपून ठेवली आणि त्यांतून अपू पुन्हा उभा राहिला. पुण्यात जे जळाले, त्याला ती संधी मिळाली नाही.

अलीकडे काही आशादायक घडते आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुज्जीवित केलेले अरविंदन यांचा 'थंप' आणि श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हे चित्रपट अनुक्रमे २०२२ आणि २०२४ साली कान महोत्सवात दाखवले गेले. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभारलेला 'मंथन' ४८ वर्षांनी नव्या प्रतीत पाहायला मिळाला. त्यानंतर 'शोले'ही २०२५ साली बोलोन्यात त्याच्या मूळ शेवटासह दाखवण्यात आला. महोत्सवात एकदा झळकलेली अशी प्रत घरातल्या कपाटापर्यंत पोहोचते की नाही, हे प्रकाशकाला किती खरेदीदार दिसतात यावर ठरते. राय यांचे 'जलसाघर', 'महानगर', 'चारुलता', 'नायक' आणि 'देवी' क्रायटेरियनच्या यादीत एकामागून एक येत गेले. सवलतीच्या काळात त्यांतला कोणताही चित्रपट वीस डॉलरला मिळतो. मात्र घेणाऱ्याने आधी आपला प्लेअर 'ए' विभागाचा आहे ना, याची खात्री करून घ्यावी.